कोबी गेला, ऊस आला : मार्कंडेयाकाठच्या एका घराची सहा वर्षं

आबांच्या वहीत २४ मार्च २०२० ला एवढीच ओळ आहे : ‘कोबी ४२ डाग. गाडी नाही.’ डाग म्हणजे बाजाराला न्यायला भरलेलं पोतं. २५ तारखेला पाडवा, त्या दिवशी नोंद नाही. २६ ला ‘गाडी नाही’. २७ ला ‘गाडी नाही’. २८ ला त्यांनी शब्दही वाचवलेत. वरच्या ओळीखाली दोन तिरक्या रेघा ओढून मोकळे झालेत.

ही वही मी पहिल्यांदा पाहिली ती कर्जाच्याच निमित्तानं. बँकेच्या खेड्यातल्या शाखांत तीसेक वर्षं काढलेला मी माणूस. शेतकऱ्याच्या घरी गेलो की आधी पहाणी (कर्नाटकातला सातबारा) बघायची, मग पासबुक आणि शेवटी माणूस, अशी वाईट खोड जडलेली. निवृत्तीनंतर हा क्रम उलटा झाला. हे घर बेळगाव तालुक्यातल्या कडोली भागातलं. गावाचं आणि घराचं नाव लिहीत नाही. त्यांनी तशी गळच घातली आहे.

महामारीचे दूरवरचे आर्थिक परिणाम म्हटलं की देशाचं उत्पन्न किती टक्के घसरलं यावर गाडी येते. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत ते २४ टक्क्यांच्या आसपास घसरलं होतं. पुढं तो खड्डा भरलाही. या घराचा खड्डाही वरवर भरलेला आहे. खातं थकीत नाही, चूल पेटते आहे, दारात टेम्पो उभा आहे. तरी हे घर २०१९ साली जिथं होतं तिथं परत गेलेलं नाही, आणि जाईल असं मला वाटत नाही. बंद पडलेल्या महिन्यांचं नुकसान मोजून ते का, हे कळत नाही.

दोन वाटा, एकच घाट

तीन एकर दहा गुंठे रान. निम्मं विहिरीवर, निम्मं मार्कंडेय नदीच्या पाण्यावर. पावसाळ्यात भात आणि रताळी, पुढं आठ महिने भाजी : कोबी, फ्लॉवर, मधेच मिरची. घरात आबा, त्यांचे दोन मुलगे, दोन सुना, तीन पोरं. थोरला शेतात. धाकटा गोव्यात, कळंगुटकडच्या एका हॉटेलात स्वयंपाकी. आमच्या भागातल्या, विशेषतः बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या कितीतरी घरांची ही ठरलेली मांडणी. एक भाऊ रानात, एक भाऊ गोव्यात.

गोवा भाजी खातो ती बहुतांशी बेळगावची. तिथलं फलोत्पादन महामंडळ बेळगावच्या बाजारातून भाजी उचलतं आणि आपल्या गाड्यांवर स्वस्तात विकतं. शिवाय हॉटेलांची खरेदी वेगळी. संध्याकाळी डाग भरायचे, रात्री जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरायचा, पहाटे म्हापसा. आबांचं सगळं वेळापत्रक या गाडीला बांधलेलं. नाताळाच्या आणि नव्या वर्षाच्या आठवड्यात गोव्याला माल जास्त लागतो, म्हणून सप्टेंबरच्या शेवटी एक रोप टाकायचं. पुढं दर पंधरवड्याला थोडं थोडं, म्हणजे एकाच वेळी सगळा गड्डा तयार होऊन दर पडायला नको.

शाखेत असताना अशा घराचा प्रस्ताव आला की मी खूश व्हायचो. उत्पन्नाच्या रकान्यात दोन ओळी भरायच्या, ‘शेती’ आणि ‘नोकरी’. जोखीम विभागलेली! आज ते आठवलं की स्वतःचंच हसू येतं. कोबी खाणारा पर्यटक आणि धाकट्याचा पगार देणारा पर्यटक एकच होता. दोन्ही वाटा त्याच घाटातून उतरत होत्या. हॉटेलं बंद पडली तसं घराचं दोन्ही बाजूंचं उत्पन्न एकाच आठवड्यात थांबलं.

कागदोपत्री शेती कधीच बंद नव्हती. शेतीची कामं आणि बाजार समित्या यांना केंद्रानं २७ मार्चलाच सूट दिली. पण गोव्यात पहिले काही दिवस किराणा दुकानंसुद्धा उघडली नव्हती. पुढं भाजीच्या गाड्या सुरू झाल्या त्या घराघरांतल्या चुलीपुरत्या. हॉटेलांची मागणी उठलीच नाही. बेळगावात दलाल म्हणाला, आणा, पण काढणीचा आणि भाड्याचा खर्च निघेल याची हमी नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात थोरल्यानं बांध मोडून जनावरं आत सोडली. तीन दिवस म्हशी कोबी खात होत्या. “दुधाला वास मारायला लागला, मग तेबी बंद केलं,” थोरल्याची बायको सांगते. ही गोष्ट ती हसत हसत सांगते आणि मला तिथं कुठं बघावं कळत नाही.

राज्य सरकारनं मे महिन्यात भाजी आणि फळं पिकवणाऱ्यांना हेक्टरी १५,००० रुपयांची मदत जाहीर केली. यांच्या सर्व्हे नंबरात पिकाची नोंद भाताची होती. पुढं काय झालं ते सांगायला नको.

ऊस थांबतोय, कोबी थांबंना

धाकटा मार्चअखेरीस परतला होता. कणकुंबीपर्यंत कोणाच्या तरी दुधाच्या गाडीतून, पुढं चालत. चौदा दिवस गोठ्यात झोपला. जुलैपासून गोव्यानं पर्यटकांना दार उघडलं, पण त्याच्या हॉटेलातून फोन आला तो नोव्हेंबरात, आणि तोही निम्म्या पगारावर. तोवर घरात एक निर्णय होऊन गेला होता.

ऑक्टोबर २०२० मध्ये अडीच एकरांत उसाची लागण झाली.

आबांचा विरोध होता. ऊस का लावला, हे थोरल्यानं मला सांगितलं ते त्याच्याच शब्दांत : “सायेब, ऊस थांबतोय. कोबी थांबंना. ऊस उभा असला म्हंजे पैसा उभा असल्यागत.” यात वेडगळ काही नाही. साखर कारखान्यांना लॉकडाऊनमध्येही चालू राहायची मुभा होती, हॉटेलांना नव्हती. उसाला सरकारनं ठरवलेला दर आहे; २०२०-२१ च्या हंगामाला दहा टक्के साखर-उताऱ्याला (शंभर किलो उसातून दहा किलो साखर) टनामागं २,८५० रुपये. कोबीला असा कोणी वाली नाही. बेळगाव जिल्हा म्हणजे कर्नाटकाच्या साखरेचं कोठार. आमच्या पश्चिम पट्ट्याला तर दोन्ही हात आहेत. इकडं काकतीला कारखाना, तिकडं महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात हलकर्णीला. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. ऊस अजून तसंच समजतो, कुठल्याही बाजूच्या काट्यावर जातो. माणसांना मात्र त्या वर्षात हद्द कळली. सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडं-पलीकडं सोयरीक असलेल्या घरांना, पुढं २०२१ मध्ये, मावशीकडं जायला आरटीपीसीआरचा कागद लागायला लागला.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथं आहे. महामारीनं या घराचं रान घेतलं नाही, विहीर घेतली नाही. घेतली ती जोखीम पत्करायची छाती. भाजी हे धीराचं पीक. आठवड्याला दर बदलतो. दहा वेळा मार खाऊन अकराव्या वेळी सोनं होतं. ज्या घरानं एप्रिलमध्ये म्हशींना कोबी चारला, त्या घराला ‘अकरावी वेळ’ नकोशी झाली. एका घरानं असं केलं तर शहाणपण म्हणावं. पण शिवारातल्या वीस घरांनी केलं की गावात खेळणारा पैसा बदलतो. ते पुढं सांगतो.

सगळं खापर साथीवर फोडायचीही घाई नको. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मार्कंडेयाकाठचं खालचं रान आठवडाभर पाण्याखाली होतं. पुरात भाजी कुजते, ऊस बऱ्यापैकी तग धरतो, हे घरानं तेव्हाच पाहिलं होतं. उसाकडं मन आधीच झुकलेलं, साथीनं ढकललं, असं म्हणणं जास्त खरं.

चार तोळ्यांच्या पाटल्या

उसाची अडचण अशी की लागण झाल्यापासून बिल हातात पडेपर्यंत सव्वा-दीड वर्ष जातं. भाजीवालं घर आठवड्याच्या पैशावर चालणारं. मधल्या खर्चाचं काय? कृषी पत्तीनचं, म्हणजे गावच्या शेती सहकारी सोसायटीचं, बिनव्याजी पीककर्ज होतं, पण ते आधीच उचललेलं. बेणं, सरी, खत आणि घरखर्च यांसाठी धाकट्या सुनेच्या पाटल्या गहाण पडल्या.

हा भाग माझ्या धंद्यातला, म्हणून जरा रेंगाळतो. ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं सोनेतारणाची मर्यादा सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर नेली. लोकांच्या हातात पैसा यावा हा हेतू, मार्च २०२१ पर्यंतची सवलत. त्याच महिन्यात सोन्यानं दहा ग्रॅमला ५५ हजारांचा टप्पा गाठला होता. म्हणजे भाव शिखरावर आणि कर्जही काठोकाठ. चार तोळ्यांवर पावणेदोन लाखांच्या वर रक्कम मिळाली. घरात सगळ्यांना वाटलं, बरं झालं.

मार्च २०२१ मध्ये सोनं ४५ हजारांच्या आसपास उतरलं. तारणापेक्षा कर्ज मोठं झालं आणि पत्र आलं : फरक भरा, नाहीतर कर्ज फेडा. ऊस तेव्हा कमरेइतका. त्याला विकता येत नाही, अर्धा कापता येत नाही. उसाचा जो गुण सांगितला होता, की तो थांबतो, तोच इथं नडला. त्याच्यासाठी आपल्यालाही थांबावं लागतं.

घरानं म्हशीच्या दुधाचे आणि मेहुण्याकडून घेतलेले पैसे भरून दोन महिने ढकलले. २७ एप्रिलला कर्नाटकात दुसरी टाळेबंदी लागली. मे महिन्यात आबांना दम लागायला लागला. बेळगावात तीन ठिकाणी फिरवलं, चौथ्या ठिकाणी खाट मिळाली, अकराव्या दिवशी आबा गेले. जुलैत सोनेतारणाची मुदत संपली आणि पाटल्या गेल्या. सरकारी मदतीचे पन्नास हजार पुढं मिळाले, ते दवाखान्याच्या उसनवारीत जिरले.

एप्रिल २०२५ मध्ये सोनं दहा ग्रॅमला लाखावर पोहोचलं. धाकटी सून मला म्हणाली, “उसाचं बिल आलं की पाटल्या करू म्हणतात. दर साली म्हणतात.” उसाचा सरकारी दर २०२४-२५ च्या हंगामापर्यंत २,८५० वरून ३,४०० वर गेला. ज्या वस्तूत घर आपली शिल्लक ठेवत होतं ती दुपटीला गेली, आणि ज्या वस्तूत घराची कमाई होते ती दोन-दोन पायऱ्या चढत राहिली. दोन वर्षांच्या साथीत झालेली एक विक्री अशी दरवर्षी मोठी होत जाते.

वहीतल्या काड्या

आबांबरोबर काय काय गेलं याची यादी घरच्यांना सुरुवातीला करताच आली नाही. त्र्याहत्तरीचं माणूस, रानात काम किती करणार? पुढं २०२३ मध्ये थोरल्यानं अर्ध्या एकरात पुन्हा कोबी लावून बघितला, तेव्हा ती यादी कळली. रोप मर लागून बसलं, कारण गादीवाफा किती उंच करायचा आणि पाणी कुठल्या वेळी बंद करायचं हे आबांच्या हाताला ठाऊक होतं. सगळा माल एकदम तयार झाला, कारण पंधरवड्याचं गणित कोणी मांडलं नव्हतं. आणि बाजारातला जुना दलाल ‘आबांचा डाग’ म्हणून न उघडता बोली लावायचा. थोरल्याचा डाग त्यानं फोडून बघितला. एका माणसाच्या नावावरची ही पत वारसानं मिळत नाही. तिचा उताराही निघत नाही.

पण त्याहून मोठी गोष्ट वहीच्या मागल्या पानांत आहे. तिथं बायकांच्या हजेरीच्या काड्या आहेत. चार उभ्या आणि पाचवी आडवी. रोप लावायला, भांगलायला, काढणीला याच शिवारातल्या सहा बायका वर्षानुवर्षं यायच्या. त्यांची नावं आबांनी लिहिलेली नाहीत. ‘खालची’, ‘गुरवीण’, ‘काशीची सून’ अशा खुणा. २०१९ ची पानं काड्यांनी भरून गेलीत. उसाच्या वर्षी लागणीनंतर तीनेक महिने भांगलणीच्या काड्या दिसतात आणि मग पान कोरं. ऊस डोक्यावर गेला की बाईचं काम संपतं. तोडायला टोळी येते, बाहेरच्या जिल्ह्यातून, मुकादमाच्या उचलीवर.

तीन एकराच्या कर्जप्रकरणात या सहा बायका कुठंच येत नाहीत. मी मंजूर केलेल्या कुठल्याच प्रस्तावात त्यांच्यासाठी रकाना नव्हता. त्या घराच्या पिकाचा निर्णय म्हणजे त्यांच्या मजुरीचा निर्णय होता आणि त्यांना कोणी विचारलं नाही. २०२१ आणि २०२२ ही दोन वर्षं त्यांनी कशी काढली हे त्याच जाणोत. जून २०२३ मध्ये ‘शक्ती’ योजनेनं बायकांना सरकारी बस फुकट झाली. सहातल्या चौघी आता सकाळच्या बसनं शहरात जातात : दोघी उद्यमबागेच्या कारखान्यांत पॅकिंगला, दोघी टिळकवाडीत घरकामाला. म्हणजे शेवट गोड झाला म्हणायचं? त्यांच्यासाठी कदाचित. शिवारासाठी मात्र भाजीचा परतीचा रस्ता बंद झाला. २०२३ मध्ये थोरल्यानं निरोप धाडला तेव्हा ‘काशीची सून’ म्हणाली, “तुम्ही बोलावणार चार दिस. तिकडं म्हैनाभर हाय.” तिचं चुकलं असं त्या घरातही कोणी म्हणत नाही.

मानमोडीचं रान

आमच्या आजीच्या तोंडी एक वाक्प्रयोग असायचा, ‘मानमोडीत पडलेलं रान’. पडीक, काटेरी, कोणी धनी नसल्यासारखं रान दिसलं की ती असं म्हणायची. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. जूनमध्ये मुंबई बंदरात शिरली, सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी लाट आली ती ऐन सुगीच्या तोंडावर, आणि त्यात पाऊसही दगा देऊन गेलेला. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं. इलाख्यात दहा लाखांहून जास्त माणसं गेली. देशभरातला अंदाज सव्वा कोटीपासून पुढं सुरू होतो. १९२१ च्या जनगणनेत आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली. तसं पुन्हा कधी झालं नाही. त्याआधी वीस वर्षं प्लेग होताच. गावं उठून माळावर झोपड्यांत राहायला जायची, त्या आठवणी आजीच्या पिढीला ताज्या होत्या.

आजीच्या त्या पडीक रानावर दोन मोठे अर्थतज्ज्ञ भांडले आहेत, हे मला बँकेच्या परीक्षेच्या वेळी कळलं. अमेरिकेचे थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ मध्ये मांडलं की भारतातल्या शेतात फाजील माणसं राबतात, काही कमी झाली तरी पीक घटणार नाही, हा समज चुकीचा आहे. पुरावा म्हणून त्यांनी मानमोडीच घेतली. शेतीतली सुमारे ८ टक्के माणसं गेली आणि १९१९-२० मध्ये पेरा १९१६-१७ पेक्षा ३.८ टक्क्यांनी कमी भरला. अमर्त्य सेन यांनी १९६७ मध्ये हरकत घेतली. माणसं सगळ्या घरांतून सारखी जात नाहीत. एका घरात चारही कर्ते जातात, शेजारच्या घरात एकही नाही. शेजारी मोकळा बसलेला असला तरी तो उठून या घराचं रान पेरत नाही. म्हणून पेरा घटला, एवढ्यावरून गावात फाजील माणूस नव्हता असं सिद्ध होत नाही.

२०२० च्या एप्रिलमध्ये आमच्या शिवारात बसून हे भांडण मला नव्यानं समजलं. माणसं तर ढीगभर होती! गोव्याहून परतलेली, पुण्याहून परतलेली, उद्यमबागेतली फौंड्री बंद म्हणून घरी बसलेली. आणि कोबी रानात कुजत होता. तीन वर्षांनी कोबीला माणूस पाहिजे होता तेव्हा माणूस बसस्टॉपवर उभा. हात किती, यापेक्षा हात आणि रान यांच्यामधला दुवा शाबूत आहे का, हा प्रश्न निघाला. १९१८ मध्ये तो दुवा मरणानं तोडला. या वेळी मरण त्या मानानं कमी घरांत आलं; दुवा तुटला तो बंद घाटानं, धास्तीनं आणि पुढं चांगल्या मजुरीनं.

देशाचे आकडेही याच बाजूला बोट दाखवतात. कामगार सर्वेक्षणात शेतीवर असलेल्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता. साथीत तो चढला, २०२०-२१ मध्ये ४६.५. कारखाने, हॉटेलं, बाजार सगळं पूर्ववत झाल्यावर तो उतरायला हवा होता. २०२३-२४ मध्येही तो ४६.१ च होता. विकास म्हणजे शेतीतून माणूस बाहेर पडणं, असं आपण शाळेपासून शिकलो. इथं माणूस आत आला आणि आतच राहिला. या घरातला धाकटा त्या टक्क्यांपैकी एक. गोव्याला तो पुन्हा गेला नाही. निम्मा पगार, आबा गेलेले, आणि “परत घाट बंद झाला तर?” या प्रश्नाला उत्तर नव्हतं. जुना टेम्पो हप्त्यावर घेतलाय, लग्नसराईत स्वयंपाकाची कामं धरतो, उरलेले दिवस त्याच तीन एकरांत भावाच्या मागं फिरतो. त्याच्या हातचं झिंगा बालचाव मी खाल्लंय. त्या हाताला उसाच्या सरीत पाणी दाखवायचं काम आहे.

सातवीतला मुलगा

धाकट्याचा मुलगा मार्च २०२० मध्ये पहिलीत होता, गावातल्या सरकारी मराठी शाळेत. दुसरी संपूर्ण घरी गेली. तिसरीतला वर्ग भरला २५ ऑक्टोबर २०२१ ला, कारण पहिली ते पाचवीचे वर्ग राज्यात त्या दिवशी उघडले. मधे ‘विद्यागम’ या सरकारी उपक्रमाखाली देवळाच्या कट्ट्यावर काही आठवडे गुरुजी यायचे, तेही ऑक्टोबर २०२० मध्ये थांबलं. घरात फोन एक, तो थोरल्याच्या खिशात. ग्रामीण कर्नाटकात मार्च २०२१ मध्ये झालेल्या ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो त्यांचं प्रमाण ९.८ टक्के निघालं. २०१८ मध्ये ते १९.२ होतं.

आज तो सातवीत आहे, चुणचुणीत आहे, टेम्पोचं स्टिअरिंग धरता येतं. मी त्याला उसाची पावती वाचायला दिली. ‘एकूण वजन’ वाचलं, ‘निव्वळ वजन’ वाचलं, ‘तोडणी व वाहतूक वजावट’ला अडखळला. “व-जा-व-ट म्हंजे?” मी म्हणालो, पैसे कापून घेणं. “कुणाचं?” तो म्हणाला.

जोडाक्षरं तो अजून बोट ठेवून वाचतो. अपूर्णांक त्याला शिकवलेच गेले नाहीत असं गुरुजी सांगतात. वरच्या वर्गाला वरचं पुस्तक पुरं करायचं असतं, खालचं भगदाड बुजवायला तास नसतो. पंचवीस वर्षांनी हा मुलगा काय कमावेल, यात त्या दीड वर्षाचा हिस्सा किती, हे मोजायला अर्थशास्त्राकडं सूत्रं आहेत. कर्जप्रस्तावात असतं तसं, ‘अपेक्षित उत्पन्न’. मी तो रकाना आयुष्यभर अंदाजानं भरला, इथं भरवत नाही.

जानेवारी २०२६

नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लापूरच्या चौकात ऊसदरासाठी शेतकरी रस्त्यावर बसले. मागणी तोडणी-वाहतूक वगळून टनाला ३,५०० ची, तोडगा ३,३०० वर निघाला. थोरला दोन दिवस जाऊन आला. कोबी लावत होता तेव्हा तो कधी मोर्चाला गेला नव्हता. तेव्हा भांडण दलालाशी असायचं, समोरासमोर, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याकडंच माल न्यायचा. आता भांडण कारखान्याशी आणि सरकारशी, म्हणजे हजार माणसं जमल्याशिवाय करताच येत नाही असं.

मी गेलो त्या दिवशी टोळी यायची होती, आली नव्हती. हा २०२४ च्या लागणीचा ऊस. तोडल्यावर खोडवा (बुंध्यातून पुन्हा फुटणारा ऊस) ठेवायचा की मोडायचा यावर माजघरात बोलणं चाललं होतं. थोरली सून विहिरीजवळच्या दहा गुंठ्यांवर अडून बसलेली. खोडवा मोडा, तिथं कोबी टाकू, मी आणि जाऊ दोघी मिळून भांगलतो, बाहेरचं माणूस नको. थोरला गप्प. धाकटा म्हणाला, “रोप आपलं टाकायचं नव्हं, नर्सरीतनं ट्रे आणूया. गेल्या खेपेला आपलं रोपच बसलं.”

“मग माल कुठं घालणार?”

“गोव्याला न्हाई. हितंच, कंग्राळीच्या नाक्यावर. टेम्पो हाय की.”

थोरल्यानं आबांची वही फळीवरून काढली, मागं-पुढं चाळली. गादीवाफ्याचं माप कुठं लिहिलंय का बघत होता. तेवढ्यात मुकादमाचा फोन आला, टोळी हंदिगनूरला आहे, परवा येईल, आणि त्यानं वही तशीच उघडी पालथी ठेवली.